आठ मशिनांची बेगमी

कोलशेतच्या कोळीवाड्यात देवळामागे एक खोली आहे. दोन खिडक्या, शहाबादी फरशी, कुरकुरणारा पंखा. नव्वदचं दशक संपता संपता या खोलीवरून जे घडलं ते मी लिहून ठेवतोय. पुढे जे लोक तिथे हार घालून घ्यायला आले, त्यातला एकही त्या आठवड्यात फिरकला नव्हता.

मी तेव्हा पत्रकं वाटायचो. ठाणे, कळवा, कल्याण, जिथे बंद गेटसमोर माणसं बसलेली असतील तिथे. आमच्या गटाचं म्हणणं साधं होतं. कंपन्यांना टाळी लागतायत, नोकऱ्या कॉम्प्युटर येणाऱ्यांकडे चालल्यात, आणि कॉम्प्युटर शिकायचा तर स्टेशनजवळच्या क्लासची फी भरा. म्हणजे ज्याची नोकरी गेली त्यानंच आधी खिसा रिकामा करायचा. खोपटजवळच्या एका ऑफिसनं आठ जुनी मशिनं भंगारात काढलेली, ती आम्ही मागून आणली. आता जागा हवी होती.

जागा काकीनं मिळवली. काकी म्हणजे कोळीवाड्यातली मासळी विकणारी बाई, पन्नाशीची, आवाज खणखणीत. तिचा मुलगा खाडीकाठच्या कंपनीत होता. त्या कंपनीनं आधी आपलं घाण पाणी सोडून खाडीतली मासळी संपवली, मग स्वतःही बंद झाली. घरात तिची सून होती, बारावी झालेली, शांत. मी तिला वहिनी म्हणायचो. तिला टायपिंग आणि कॉम्प्युटर आला तर एका इस्पितळाच्या बिलिंगला घेतो म्हणून ओळखीच्यानं सांगितलं होतं. वहिनीसारख्या आणखी सात-आठ पोरी गावात होत्या.

देवळामागची खोली बेंजो पार्टीच्या, म्हणजे लग्नावरातीत वाजवणाऱ्या, पोरांना सामान ठेवायला द्यायची, असं पंचांचं ठरत आलं होतं. गावाच्या सभेत बायका भिंतीशी बसतात, ऐकतात, चहा देतात. त्या सभेत काकी उभी राहिली. मी दारात होतो.

"खोली पोरींना द्या," ती म्हणाली. "दसऱ्याला पोरी मशिनवर बसतील."

एक पंच हसला. "आणि नाय बसल्या तर, काकी?"

"नाय बसल्या तर खोली तुमची. मी या सभेत परत तोंड उघडणार नाय."

पंचांनी मान्य केलं. काकीचा आब राखावा म्हणून नव्हे. पुन्हा बोलणार नाही, हे त्यांना आवडलं म्हणून. मला तेव्हा त्यांचे चेहरे दिसत होते, आणि मी लिहितोय ते पाहिलेलं आहे.

मशिनं लावायला माझा डोंबिवलीचा मित्र यायचा. तो तिकडे एका क्लासमध्ये शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी पाठीला पिशवी लावून कोलशेतला. मशिन नुसतं टेबलावर ठेवून चालत नाही. त्यात आधी सगळं भरावं लागतं: मशिन चालवणारी मूळ प्रणाली, पत्र लिहायचा प्रोग्राम, टायपिंग शिकवणारा, हिशेबाचा. प्रत्येकाचं वेगळं पॅकेज, म्हणजे नीट बांधलेलं गाठोडं. आम्ही वापरत होतो ती प्रणाली वाटायला मोकळी होती, कितीही जणांना द्या, चोरी नाही. यावर मी एक अख्खं पत्रक लिहिलेलं.

पण वाटायचं कसं? सीडी एकच, आणि सीडी घेणारं मशिनही आठात एकच. बाकीच्यांना फ्लॉपी. पहिल्या दिवशी आम्ही एका मशिनला फ्लॉप्यांची चळत घालत बसलो. एक काढा, दुसरी घाला. दुपार कलली तेव्हा चळतीतली एक फ्लॉपी मशिनला वाचता येईना. पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी एकही मशिन धड तयार नव्हतं.

"असंच केलं तर होळी येईल," मित्र म्हणाला. "दसरा विसर."

पुढच्या वेळी तो काळ्या केबलचं भेंडोळं घेऊन आला. सीडीवरचं सगळं त्यानं पहिल्या मशिनच्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि आठही मशिनं एकाच केबलीत ओवली. मग दुसऱ्या मशिनला सुरुवातीपुरती एकच फ्लॉपी दिली. बाकी सगळी गाठोडी ते केबलीतून पहिल्याकडून आपली आपण उचलायला लागलं. चहा संपेस्तोवर ते बरंच पुढे गेलं होतं. वहिनी पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघत होती.

"म्हणजे आता बाकीचे पण एकदमच घेतील?" तिनं विचारलं.

"एकदम. रांगेत उभं राहायचं नाही कोणी."

काकी टोपली टेकवून दारात बसलेली. तिनं पहिल्या मशिनकडे बोट केलं. "मग हा नाखवा झाला. बाकीचे खलाशी." होडीचा धनी तो नाखवा. त्या दिवसापासून गावात त्या मशिनला तेच नाव पडलं. शाळेतून येणारी पोरं खिडकीतून विचारायची, नाखवा उठला का?

दुसरं मशिन तयार झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की नाखव्याकडून आणलेली सगळी गाठोडी त्यानं आपल्या डिस्कच्या एका कोपऱ्यात तशीच ठेवलीत. उघडून वापरून झाली होती, तरी ठेवलीत. डिस्क लहान, जागा अडलेली. मी म्हटलं, हे उष्टं कशाला ठेवायचं, पुसून टाक.

मित्र विचारात पडला. जागेचा प्रश्न खराच होता.

काकीला तो शब्द आवडला नाही. "उष्टं काय रे पोरा? आम्ही सुकट बांधून ठेवतो, बोंबील ठेवतो, ती काय उष्टी? आषाढात होडी बाहेर पडत नाय तवा तेच खातोस ना तू पण? परवा दोनदा मागून घेतलंस."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली.

"ती बेगमी असते, काकी. इथे आषाढ कुठला येणार?"

"मना काय तुमचं मशिन कळत नाय. ठेवलंय त्यानं आपणहून, तर राहू दे बापड्याचं."

मित्र म्हणाला, राहू दे, अडलं तर बघू. राहिलं. तोवर अंधार पडलेला. उरलेली सहा मशिनं मित्राच्या पुढच्या सुट्टीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भरायची असं ठरवून आम्ही निघालो.

दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि हिशेबात धरणं वेगळं. टेंभी नाक्याच्या देवीला गर्दी म्हणून बस रखडत आली. मी नि मित्र कोळीवाड्यात पोचलो तर होड्या धुवून काठाला ओळीनं लावलेल्या. जाळी, वल्ही, कोयते, सगळं मांडलेलं, हळदकुंकू लागलेलं. खोलीचं दार उघडं. आत आठही मशिनं ओल्या फडक्यानं पुसून काढलेली, प्रत्येकाला झेंडूची माळ. नाखव्यापुढे उदबत्ती.

मी पिशवी खाली ठेवली आणि केबल हातात घेतली. काकीनं माझं मनगट धरलं.

"आज हात लावायचा नाय."

"काकी, उद्या दसरा आहे. सहा मशिनं बाकी आहेत."

"माझ्या घरची होडी पण बंद हाय. आज हत्याराला सुट्टी."

मी बोलायला लागलो. पत्रकात लिहितो तसंच बोललो. यंत्राला देव करून माणसाची नोकरी परत येत नाही, कंपनीतही दर वर्षी मशिनांची पूजा व्हायची, टाळं लागायचं ते लागलंच. त्यातलं एक वाक्यही मी मागे घेणार नाही. पण अंगणात जाळं विणणारा एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, "शिकलेला हाय. बोलू दे. दमला की चहा द्या." आणि सगळे आपापल्या कामाला, म्हणजे बिनकामाला, लागले.

मित्रानं मला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी लवकर येऊ. सहाही एकदम चालू करू. फ्लॉपी असती तर मेलो असतो, आता होईल. भांडू नको."

दसऱ्याला सकाळी आम्ही पोचलो तेव्हा वहिनी आणि पोरी नव्या साड्यांत खोलीबाहेर उभ्या होत्या. पंच आरती आटोपून येणार होते. मित्रानं नाखव्याचं बटण दाबलं. आत बारीक तडतड झाली, जळका वास आला, आणि पडदा काळाच राहिला.

त्यानं झाकण काढलं. आत ओलं होतं, चिकट. एका तारेला खोबऱ्याचा कपचा चिकटलेला. मित्रानं तो चिमटीत धरून उजेडात आणला.

"मीच वाढवला नारळ," काकी म्हणाली. ती उंबऱ्यात उभी होती. "होडीच्या तोंडाशी वाढवतो तसा. आधी मोठ्या होडीला मान. म्हणून नाखव्यावर."

होडीवर नारळाचं पाणी पडतं आणि लाकूड ते पिऊन टाकतं. त्यात वाईट होण्यासारखं काही नसतं. पत्र्याच्या पेटीला वरून हवेसाठी फटी असतात, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही तिला फक्त हे सांगितलं होतं की हे सगळ्यात मोठं मशिन, याच्याकडे सगळं आहे. मोठ्याला जो मान तिच्या गावात देतात तो तिनं दिला.

मित्रानं नाखव्याची डिस्क काढून दुसऱ्या पेटीत लावून बघितली. ती फिरेना. सीडी खणातून टाचणीनं ओढून काढली, तिला काही झालं नव्हतं, पण ती घालणार कुठे? सीडी घेणारं मशिन हेच एक, आणि त्याचा खणही जळलेला. डोंबिवलीहून दुसरं आणायचं म्हटलं तर संध्याकाळ.

देवळातून आरतीचा आवाज येत होता. बेंजो पार्टीची दोन पोरं आधीच येऊन भिंतीला टेकली होती. त्यातला एक म्हणाला, "काकी, ढोल ठेवायला खिळे मारायचेत. कुठं मारू?"

काकी सभेत उभी राहून बोललेली बाई, आणि तिचे ओठ नुसते हलत होते. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती, कालचीच, आणि आता ती खरी ठरलेली. ती गिळायला मला बराच जोर लावावा लागला.

मग वहिनी म्हणाली, "दोन नंबरकडे आहे ना? त्यानं ठेवलंय की सगळं."

मित्र तिच्याकडे बघत राहिला. "हां," तो म्हणाला. "हां. आहे."

दोन नंबरनं जे नाखव्याकडून घेतलं होतं ते त्याच्या कोपऱ्यात जसंच्या तसं होतं. पोरींना लागणारं सगळं त्यात होतं, कारण त्यांच्यासाठीच ते मशिन आधी भरलं होतं. मित्रानं नाखव्याला केबलीतून काढलं, केबलीचं मोकळं राहिलेलं टोक बंद केलं, दोन नंबरचा तो कोपरा सगळ्यांना खुला केला. उरलेल्या सहाही मशिनांना पाळीपाळीनं ती एक फ्लॉपी दाखवली आणि सांगितलं, आता याच्याकडून घ्या. ओळी सरकायला लागल्या. वहिनी एका मशिनपाशी, दुसरी पोर दुसऱ्यापाशी. विचारलं की हो म्हणायचं, एवढंच काम. जुनी मशिनं, काही घाई करत होती, काही रडत होती. एकदा केबलीचा सांधा ढिला झाला आणि सगळीच थांबली. मित्रानं शिवी दिली, सांधा आवळला, ती पुन्हा चालू लागली.

पंच आले तेव्हा पाच पडद्यांवर टायपिंगचा धडा उघडला होता. दोन मशिनं अजून घेतच होती. पोरी बसल्या होत्या. वहिनी दोन नंबरवर, दहाही बोटं ठेवून, एका बोटानं मारत.

त्या दिवशी हसलेला पंच सगळीकडे फिरला. "आणि तो नाखवा?"

"किनाऱ्याला लागला," काकी बाहेरून म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता.

त्यानं मान हलवली. आपट्याची पानं वाटली गेली. बेंजोवाली पोरं आपले खिळे घेऊन गेली. खोली पोरींकडे राहिली.

दुसऱ्या आठवड्यात मित्रानं सगळी गाठोडी तीन मशिनांच्या कोपऱ्यांत वेगवेगळी ठेवली. एक बुडालं तर दुसऱ्याकडून, दुसरं बुडालं तर तिसऱ्याकडून. जागा अडते म्हणून मी तक्रार केली नाही. वहिनीला इस्पितळात घेतलं. तिच्या जागेवर दुसरी पोर बसली.

खंडेनवमीला खोलीत अजून पूजा होते. नारळ बाहेर, पायरीवर वाढवतात. मला ते पटत नाही, मी दर वर्षी तसं सांगतो, आणि दर वर्षी मला चहा मिळतो.

काकी सभेत बोलते. खाडीच्या पाण्यावर बोलली, रस्त्यावर बोलली, पंचांना अडवून बोलली. पण त्या दसऱ्यानंतर ती खोलीत आली नाही. पोरींना हाक मारायची असली की उंबऱ्याशी येते, टोपली बाहेर ठेवते, आणि हात कोरडे असले तरी पदराला पुसून पाठीमागे धरते. मी एकदा म्हटलं, काकी, आत या, बसा, काही होत नाही.

"इथनं दिसतंय मना," ती म्हणाली.