सावली काढा

पायाला भिंगरी लागलेला माणूस म्हणून गल्ली त्याला भिंगरीच म्हणे. धंदा मोटार वाइंडिंगचा: जळालेल्या पंपातली तार काढून नवी गुंडाळायची. हात एका जागी बसून काम करत, जीव काही बसत नसे.

त्यात कुणीतरी कानात क्रिप्टोचं वारं भरलं. मागच्या खोलीत तीन मशीन आली. ती घोंघावत कसलीशी गणितं सोडवायची आणि त्या बदल्यात मोबाइलमध्ये नाणी जमायची म्हणे. पहिलं वीजबिल आलं तेव्हा बायकोने ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हो तुमचा," एवढंच म्हणाली.

मग भिंगरीने गच्चीवर सोलरची बारा पॅनेल चढवली. मशीन आता उन्हावर चालायची, ऊन उतरलं की बंद. पण याच्या मागे नवाच घोर लागला. दुकानात तार गुंडाळताना दर पाच मिनिटांनी पॅनेलची वीज किती येतेय ते दाखवणारी मोबाइलवरची रेघ बघायची. बघता बघता वेढ्यांचा आकडा चुकायचा, की सगळी तार सोडून पुन्हा एकपासून.

रोज सकाळी नऊला रेघ घसरायची. आभाळात ढगाचा मागमूस नाही. एक दिवस तो धावतच गच्चीवर गेला. कोपऱ्यात बाबा खुर्ची टाकून दुखरे गुडघे शेकत बसलेले आणि त्यांची सावली शेवटच्या पॅनेलवर. सगळी एका माळेत जोडलेली, त्यामुळे एकावर सावली पडली की बाकीचीही मान टाकायची.

"बाबा, सावली काढा!"

बाबांनी खुर्ची सरकवली. सूर्यही सरकला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. असं आठवडाभर चाललं.

"अरे, बापाची सावली डोक्यावर असावी म्हणतात," बाबा हसून म्हणाले. "तुला तर ती काचेवरही खपत नाही."

"तसं नाही हो बाबा. जरा तिकडे बसा ना."

तिकडे पाण्याची टाकी होती. तिथे ऊन यायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला रेघ घसरली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंगरी खूश! चौथ्या दिवशी पक्कड विसरली म्हणून घरी परतला आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. आत बाबा. धोतर वर करून, उघडे गुडघे मशीनच्या गरम हवेसमोर धरून बसलेले. आवाज सोसेना म्हणून कानातलं यंत्र काढून मुठीत धरलेलं.

"बाबा, इथे काय करताय?" तो ओरडला.

"शेकतोय," बाबाही ओरडूनच बोलले. "इथे बरंय रे. कुणावर सावली पडत नाही."

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिन्ही मशीन बंद केली. पाना घेऊन वर गेला, शेवटचं पॅनेल उतरवलं, उरलेली अकरा पुन्हा जोडली आणि मोकळ्या जागेत खुर्ची मांडली. मग बाबांना हाताला धरून वर आणलं.

"आता तूही टेक की जरा," यंत्र कानात घालत बाबा म्हणाले.

भिंगरी खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. खिशात मोबाइल थरथरला. हात दोनदा खिशाकडे गेला. तिसऱ्यांदा त्याने तो हात बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा आता उन्हाने गरम होत होता.