तीन बाजूंचा खांब

हैदराबादेत काचीगुडा स्टेशनकडून येणारा रस्ता जिथे फुटतो, तिथल्या मोकळ्या जागेवर स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांचं स्मारक व्हायचं ठरलं, तेव्हा मी जामबागच्या मराठी शाळेत शिकत होते आणि माझे वडील, अण्णा, त्याच सरकारी शाळेत गणित शिकवत होते. संस्थानी राजवट संपून फार दिवस झाले नव्हते. तिच्यापायी तुरुंग भोगलेले पुढारी तेलुगू होते, मराठी होते, कानडीही होते. म्हणून खांब तीन बाजूंचा करायचा आणि प्रत्येक बाजूवर एकेका भाषेच्या पुढाऱ्यांची नावं कोरायची, अशी कल्पना निघाली. कल्पना अण्णांचीच. गणिताच्या मास्तराला दुसरं काय सुचणार!

कमिटी तिघांची होती. अण्णा, गल्लीच्या तोंडाशी राहणारे तेलुगू वकीलसाहेब आणि सरकारी कचेरीतले एक कानडी गृहस्थ, ज्यांना मी काका म्हणायची. दर रविवारी सकाळी तिघं आमच्या बैठकीत जमत आणि हैदराबादी उर्दूत, म्हणजे दखनीत बोलत, कारण तीच तिघांना सारखी येत होती. आई आतून पोहे आणि चहा पाठवायची.

अडचण एकच होती. तीन बाजूंच्या खांबाची एकच बाजू स्टेशनकडून येणाऱ्याला समोर दिसणार. ती कोणाची? दुसऱ्या कुठल्याही गावात यावरून डोकी फुटली असती आणि महिन्याभरात निकाल लागला असता. आमच्या गावात उलटं झालं.

"मास्टरसाब, सामने आपके लोगाँ रहना. उनोंच पहले जेल गए," वकीलसाहेब म्हणायचे.

"नक्को साब. शहर आपका है. आपके लोगाँ सामने, हम पीछे अच्छे," अण्णा म्हणायचे.

काका बिचारे म्हणत, "मेरी बाजू पीछे डालो, आप दोनों देख लो." असं म्हटलं की दोघंही त्यांच्यावर तुटून पडत. "ऐसा कैसा होता?" मग पुढचा रविवार. चौथरा बांधून झाला, काळा दगड घासूनपुसून आला, गोणपाटाखाली आडवा पडून राहिला, पण अक्षर म्हणून कोरलं गेलं नाही. तिघंही मनापासून बोलत, यात शंका नाही. पण अदबीचीही माणसाला चटक लागते, आणि एकदा लागली की काम झालं नाही तरी चालतं. मला आजही त्या रविवारांचा संताप येतो.

आई एकदा आतूनच म्हणाली, "खाली चाकं लावा त्याला. रोज एकेकाची बाजू पुढं फिरवा." तिघं मनमुराद हसले आणि चहा मागितला.

मग हैदराबाद राज्य तुटणार असं नक्की झालं. तीन भाषांचे तीन तुकडे तीन राज्यांना मिळणार होते. आईचं माहेर औरंगाबाद, ते मुंबई राज्यात जाणार होतं आणि सरकारी नोकरांना कुठल्या राज्यात जायचं ते मुदतीत कळवायचं होतं. आई इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती या शहरात परक्यासारखी राहिली होती. बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू, आणि सुखदुःख बोलायला कोणी नाही. मामाने आपल्या भिंतीला लागून दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. भावाच्या शेजारी राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

"खांब उभा राहू दे, मग निघू," अण्णा म्हणाले. "पुढाऱ्यांचं काम अर्ध्यात टाकून पळाला, असं नको व्हायला."

"पुढारी कधीच आपापल्या गावी गेले," आई म्हणाली. "तुम्हीच तेवढे राहिलात रखवालीला."

काका आधी गेले, म्हैसूरकडे. आम्ही त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. तिथेही हा माणूस दारात उभा राहून सगळ्यांना पुढे चढू देत होता. शिट्टी झाली तेव्हा अण्णांनीच त्यांना आत ढकललं. उरलेली दोघांची कमिटी रविवारी जमतच राहिली. मुदत कधीच संपली. मास्तराने नंतर अर्ज केला तर सरकार ऐकेल, असं अण्णा धरून चालले होते.

एक दिवस वकीलसाहेब मधल्याच वारी आले आणि बसेनात. कमिटीत नवी माणसं आली होती. खांबावर फक्त तेलुगू नावं हवीत असं त्यांचं म्हणणं होतं. "मेरे हाथ में नहीं रहा, मास्टरसाब," ते मान खाली घालून म्हणाले.

अण्णा उठून उभे राहिले. "अच्छा है साब. आपके लोगाँ सामने रहना, मैं तो पहले से बोला."

मी दारातच होते. मला ओरडावंसं वाटलं. एवढं सगळं हिसकावून घेतल्यावरही माझा बाप अदबीने वागत होता.

दुसऱ्या दिवशी ते बदलीचं विचारायला कचेरीत जाऊन आले. आता काही होणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. आईला त्यांनी ते उभ्याउभ्याच सांगितलं. तिने चूल विझवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

खांब कोणाचाच झाला नाही. नव्या कमिटीत भांडणं लागली आणि रस्ता रुंद करताना दगड कोणी कुठे नेला कळलं नाही. मराठीचे वर्ग ओस पडले. अण्णा मोडक्या तेलुगूत गणित शिकवू लागले आणि पोरं त्यांच्या नकला करू लागली. आम्ही अंबरपेठेत लहान घरात गेलो. आईने कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. अण्णा तिच्या एका शब्दासाठी झुरत राहिले.

पुष्कळ वर्षांनी मामाच्या नातीच्या लग्नाला आम्ही औरंगाबादला गेलो. मामा थकला होता, घर सुनांच्या हाती होतं. पंगत बसताना आईने पदर खोचला आणि वाढायला भांडं उचललं. कढीचा चटका बसला तशी ती तेलुगू बायकांसारखी "अय्यो!" म्हणाली. पोरी खुदकन हसल्या. धाकट्या सुनेने तिच्या हातून भांडं काढून घेतलं, अगदी प्रेमाने. "आत्याबाई, तुम्ही हैदराबादच्या पाहुण्या. तुम्ही बसा."

आई बसली. जेवलीही.

परतीच्या गाडीत दुपारी ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग अण्णांकडे वळून म्हणाली, "बरं झालं आपण इकडं आलो नाही ते."

हे ऐकायला अण्णा अर्धं आयुष्य थांबले होते. ऐकलं आणि भरल्या डब्यात ते ढसाढसा रडायला लागले. ती त्यांची समजूत काढत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.