न निवडता दळलेलं

आमच्या वन्संना घरात सगळे मुंगी म्हणतात. हे नाव त्यांच्या दादानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं ठेवलेलं. लहानपणी त्या सांडलेली साखर दाणा दाणा वेचून डब्यात भरायच्या म्हणे. नोकरीही तशीच मिळाली, मेंदूपेढीत. मरणाऱ्यांनी अभ्यासासाठी दिलेले मेंदू तिथं गोठवून ठेवतात. वन्सं त्यातला वाटाण्याएवढा तुकडा काढतात, दळतात आणि त्यातला डीएनए तपासतात. तुकडा हातात घेण्याआधी क्षणभर थांबतात. मी म्हणते तो नमस्कार. त्या म्हणतात, "अगं वहिनी, हातमोजे बसलेत का बघते." असू दे. देवाला कळतं.

ह्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवर वायरीसारखं आवरण असतं, ते शरीराचीच फौज कुरतडते. आधी ह्यांचा उजवा पाय रुसला, मग डोळा. शर्टाची बटणं आता मी लावते.

वन्संनी मला एकदा भांडी पुसता पुसता समजावलं होतं. डीएनए म्हणजे जाडजूड पुस्तक. अक्षरं तीच राहतात, पण काही पानांना बारीक चिमटे लागतात आणि ती पानं सहसा उघडत नाहीत. त्या चिमट्यांना मिथाइल म्हणायचं. ह्या आजारात मेंदूच्या पेशींमध्ये हे चिमटे भलत्याच पानांना लागतात का, हे त्या शोधत होत्या. आणि सापडले की! शेकडो सापडले. हे इतके खूश झाले, की सोडून दिलेला व्यायाम पुन्हा सुरू केला.

एका संध्याकाळी मी टेबलावर धान्य निवडत होते. वन्सं आल्या, कोटसुद्धा न काढता शेजारी बसून खडे वेचायला लागल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, मी न निवडता दळलं."

"मग? कचकच लागली का?" मी हसले.

"लागली."

मेंदूत एकाच जातीच्या पेशी नसतात. आजारी मेंदूत मज्जापेशी कमी होतात, व्रण भरणाऱ्या वाढतात. सगळं एकत्र दळलं, तर चिमटे बदललेत की नुसती गर्दी बदललीय, हे कळत नाही. वन्संना ते ठाऊक होतं. पण गणितानं दुरुस्त करता येईल, असं त्यांनी धरलं होतं. आता आकडे पुन्हा पाहताना मन खात होतं. मेंदूपेढीचे मोठे साहेब म्हणत होते, एवढी दुरुस्ती पुरते, छापून टाकू.

मला खरं तर वाटलं, ह्यांना सांगू नये. व्यायाम सुटेल. पण आतून आवाज आलाच, "मुंगे, काय कुजबुज चाललीय?"

वन्सं उठल्या आणि दादाला सगळं सांगितलं.

ह्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग निवड की."

"दादा, निवडल्यावर काहीच उरलं नाही तर?"

"नको उरू दे. खोट्या चिमट्यांच्या भरवशावर कसा चालू? माझा आधीच तोल जातो."

वन्सं हसल्या आणि मग डोळे पुसत बसल्या.

साहेब कुरकुरले, पण उरलेले तुकडे काढू दिले. मज्जापेशींच्या केंद्रकांना चमकणारा रंग लावायचा, मग यंत्र थेंब थेंब पाहून चमकणारे तेवढे वेगळे काढतं. एका तुकड्याला अख्खा दिवस जातो. वन्संचे डोळे लाल व्हायचे, मान आखडायची. दर तुकड्याआधी ते क्षणभर थांबणं मात्र चुकलं नाही. मी इथं प्रार्थनेला बसले की फळ नाही मागितलं, एवढंच मागितलं की वन्संची नजर शाबूत राहू दे.

थंडी सरता सरता त्या घरी आल्या. हे दाराला धरून पायाचा व्यायाम करत होते. सुटला नव्हता.

"दादा, बहुतेक सगळे चिमटे गेले."

"बहुतेक?"

"मूठभर राहिले."

"निवडलेले?"

"एकेक निवडलेला."

"बरं," हे म्हणाले आणि पाय पुन्हा उचलला.