आत्याबाईंची बोलणी

डेन्मार्कमधल्या एरो बेटावर थूरा लिन्डवेडला सगळे 'आत्याबाई' म्हणत. तिला ना भाऊ, ना भाचरं. हे नातं तिला नाटकानं दिलं होतं.

नाटक होतं 'पवनचक्कीवाल्याची लेक'. १८४३ साली ते कोपनहेगनात आलं, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली आणि चार प्रयोगांतच ते बंद पडलं. पुढे एका फिरत्या मंडळीनं ते बेटावर आणलं. मंडळी निघून गेली, पण नाटक इथलंच झालं. दर उन्हाळ्यात बंदरामागच्या कुरणावर गावकरीच ते करू लागले.

सतराव्या वर्षी थूरा नायिका व्हायला गेली. तिचा आवाज ऐकून तालीम घेणारे मास्तर म्हणाले, "पोरी, या आवाजात 'प्राणनाथा' म्हणालीस, तर तो जर्मनीपर्यंत पळेल!" मग तिला नायिकेच्या खाष्ट आत्याचं काम मिळालं. घरी जाऊन ती खूप रडली. पण पहिल्याच प्रयोगात तिनं कमरेवर हात ठेवले मात्र, सगळं कुरण हसून लोळलं. तेव्हापासून थूरा दिवसा धुरीघरात हेरिंग मासळीला धुरी द्यायची आणि संध्याकाळी भाचीचं लग्न अडवायची.

शेवटच्या अंकात म्हातारा वकील येऊन आत्याचं मन वळवतो. ते काम विगो क्रागचं. विगो फेरीबोटीवर तांडेल होता, विधुर, थूरासारखाच पन्नाशी ओलांडलेला. एके वर्षी ऐन प्रयोगाच्या दिवशी धुकं पडलं आणि बोट समुद्रातच अडकली. "वकीलसाहेब आले!" असं नोकर ओरडला, पण आलं कुणीच नाही.

थूरा प्रेक्षकांकडे वळली. "ते येईपर्यंत तुमचं बघते! एस्बेन, दात काय काढतोस? तुझ्या पावात निम्मी हवा असते! आणि पाद्रीबाबा, तुमचं प्रवचन संपेपर्यंत घरी माझे बटाटे करपतात!"

पाद्रीबाबा हसता हसता डोळे पुसू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "आत्याबाई, मलाही बोला की!"

"तुला? तुझ्या बायकोच्या वाट्याचं मी कशाला संपवू?"

एवढ्यात प्रेक्षकांतूनच वाट काढत विगो धावत आला, बोटीवरच्या गणवेशातच.

"वकीलसाहेब, हा काय अवतार?"

"बाई, तुमची समजूत काढायची म्हणजे समुद्र पार करणं आलं. तयारीनंच आलोय!"

ठरल्याप्रमाणे त्यानं तिचा हात हातात घेतला, पण सोडायचं काही नाव नाही. थूराही जागची हलली नाही. शेवटी नायिकाच कुजबुजली, पण ते सगळ्या कुरणाला ऐकू गेलं, "आत्या, लग्न माझं आहे गं!"

तिचं लग्न स्टेजवर झालं; थूराचं आणि विगोचं सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, चर्चमध्ये.

पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी आत्याबाईंच्या बोलण्यांशिवाय नाटक पुढे जाऊच दिलं नाही. मग ती बोलणी नाटकाचाच भाग झाली. माणसं पुढची बाकं धरायला लवकर येऊ लागली आणि ज्यांना आत्याबाईंनी झापलं नाही, ती फुगून घरी जाऊ लागली.