जावईबापू, गेअर टाका

आमच्या वऱ्हाडातल्या ड्रायव्हरला उतार कळत नाही, यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. जमीनच ताटासारखी सपाट. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा उतार म्हणजे अमरावतीतला राजापेठचा उड्डाणपूल. संत्री भरलेला माझा पिकअप ट्रक त्यावर चढला, की मी न्यूट्रल करायचो आणि फुकटात खाली यायचो. डिझेल वाचवल्याची बातमी घरी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, ''मंग त्याच्यात भजे तळू का?''

तर अशा माणसावर सासऱ्यांची जीप टोचन करून आणायची वेळ आली.

ही जुनी जीप म्हणजे मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, जीव. तिच्यातूनच त्यांनी सासूबाईंना घरी आणलं होतं, आणि आता माझी मेहुणी लग्न होऊन तिच्यातूनच अकोल्याला जाणार होती. नवरीची गाडी थोरल्या जावयानं चालवायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. थोरला जावई मी. पण मागं एकदा तीच जीप रिव्हर्स घेताना मी त्यांच्या फाटकाचा खांब आडवा केला होता. तेव्हापासून विषय निघाला की मामाजी म्हणायचे, ''तुमी कायले तरास घेता, जावईबापू.''

सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडं सासऱ्यानं जावयाला रागावणं म्हणजे पाहुण्याच्या पुढचं ताट ओढून घेणं.

लग्न तोंडावर आलं आणि मामाजी डोंगरातल्या सेमाडोहच्या दोस्ताला आमंत्रण द्यायला गेले, तिथं जीपचा क्लच जळला. मी ट्रक घेऊन तीरासारखा पोचलो. नवरीची गाडी मिळवायची याहून चांगली संधी कोणती? जीप लोखंडी दांडीनं ट्रकमागं बांधली. मामाजी जीपचं स्टेअरिंग धरून मागं बसले, मी पुढं, आणि आमची वरात परतवाड्याच्या वाटेनं अमरावतीला घरी निघाली.

घाटाचा उतार लागला तसा माझा हात आपोआप गेअरवर गेला. न्यूट्रल. मागून जीपचं वजनही ढकलत होतं, म्हणजे डबल फुकट. मी शीळ घालू लागलो.

न्यूट्रलमध्ये इंजिन गप्प असतं, त्यामुळे मागचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

''जावईबापू, आपल्याले काई घाई नाई हं.''

''हो मामाजी,'' म्हणून मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, सोडला की पळाली. पुन्हा दाबला. अशी दाबादाबी करत दोन-तीन वळणं गेली आणि केबिनमध्ये जळकट वास आला. मला वाटलं, जंगलात कोणी काही पेटवलं असेल.

''जावईबापू, तुमच्या चाकातून धूर निंगून राह्यला. उदबत्ती लावली का तुमी?''

जीव टांगणीला लागलेला, तरी जावयाला टोचून बोलतानाही 'तुमी'. मी ब्रेक दाबला. पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं आणि ट्रकला त्याचा पत्ताच नाही.

''ब्रेक दाबता का जरासक? माह्या एकट्याच्या ब्रेकनं आवरून नाई राह्यलं.''

''दाबूनच राहिलो, मामाजी. लागून नाई राहिला.''

समोर वळण. त्या वळणाच्या कठड्यावर माकडं बसली होती, ती उठून बाजूला झाली. त्यांनाही माझा भरवसा वाटेना.

आणि मग मामाजींच्या घशातून असा आवाज आला, की सात पिढ्यांचा मानपान दरीत गेला.

''अबे गेअर टाक ना बे, लेकाच्या. तिसरा टाक.''

मी टाकला. ट्रक किंचाळला, आणि कोणी मागून कमरेला धरावं तसा आवरला. ''आता दुसरा, बे.'' दुसरा पडला. इंजिन रेड्यासारखं डुरकत होतं, पण वळण आम्ही मुंगीच्या चालीनं घेतलं आणि पुढं रस्ता जरा सपाट झाला तिथं थांबलो. ब्रेक पुरते तापून सुस्तावले होते. मी बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला धावलो.

''ते ओतू नका, तापलेला ड्रम तडकते,'' मामाजी म्हणाले. ''तुमीच प्या.''

मी प्यायलो. मामाजी दगडावर बसले, चेहरा पांढराफटक. मी पाय धरायला वाकलो तर तेच हात जोडून उभे राहिले.

''मी तुमाले बे म्हटलं, जावईबापू. घरी सांगू नका. तुमची सासू मले जेवू देणार नाई.''

''मामाजी, अजून एकदा म्हणा.''

''काय?''

''बे.''

ते बघत राहिले, मग त्यांना हसू फुटलं, मग मला, आणि आम्ही दोघं पोट धरून असे हसलो की जाणाऱ्या एका बसवाल्यानं गाडी हळू करून चौकशी केली. चाकं निवल्यावर उरलेला घाट दुसऱ्या गेअरवर उतरलो, ब्रेकला जेमतेम पाय लावून. माकडं आम्हाला ओव्हरटेक करून गेली. मामाजी मागून म्हणत होते, ''वा बे, वा.''

लग्नाच्या दिवशी नवा क्लच घालून जीप फुलांनी सजली. सगळ्या पाहुण्यांसमोर मामाजींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. ''सावकाश, जावईबापू.'' मग खिडकीत वाकून कानात म्हणाले, ''घाटातल्यासारखी न्यूट्रल केली तं पाह्य, बे.''

मागं रडत बसलेल्या मेहुणीला ते ऐकू गेलं असावं, कारण तिचं रडणं एकदम भलत्याच सुरात गेलं.

राजापेठचा पूल चढलो आणि उतारावर मी इमानदारीनं दुसरा गेअर टाकला. जीप गुरगुरत, पाऊल मोजत उतरू लागली. मागं स्कूटरवाल्यांच्या हॉर्नचा बँड वाजू लागला. नवरदेव अकोल्याचा, सपाटीवरचाच माणूस. तो काळजीनं पुढं वाकला.

''भाऊजी, गाडी बिघडली का?''

''नाई,'' मेहुणी डोळे पुसत म्हणाली, ''घाट आहे.''