जगूची चौघांची फेरी

जगू गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट बघ रे, एक डोळा किलकिला असेल." पोरगा बिचारा "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्याला काय माहीत! जगूला मी आजवर निदान चाळीस वेळा मरताना पाहिलंय. लालबाग-परळच्या गणेशोत्सवात ज्या नाटकात बाई मरते, त्या नाटकात ती बाई म्हणजे जगूच. विष पिऊन मेला, विहिरीत उडी घेऊन मेला, सासुरवासाने खंगून मेला. एकदा तर लेखकाने बाईला जिवंत ठेवलेलं असताना, केवळ समोर बायका रडायच्या बेतात दिसल्या म्हणून मेला आणि पुढचा अख्खा अंक आम्ही तिच्याशिवाय ओढला. मेल्यावर डोळा बारीक उघडून पहिल्या रांगेत कोण कोण रडतंय ते बघायची त्याला सवय होती. म्हणून त्या दिवशी मी त्याच्याजवळ जरा जास्तच वेळ उभा राहिलो. लोकांना वाटलं, म्हातारा कोलमडला. मी वाट बघत होतो... पण या वेळी पठ्ठ्याने शिस्त पाळली.

जगन्नाथ हा माझा खोलीतला सोबती. लालबागला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. खोली कसली, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना माणसं लटकलेली. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच्याच उबेत आडवा व्हायचा. माझी आणि जगूची वळकटी एकच होती, त्यामुळे आमची दोस्ती पक्की व्हायचं खरं कारण असं की आम्ही जागेपणी एकमेकांना फारसे भेटतच नसू. भेटायचो ते रविवारी. आणि रविवारी जगू 'फेरी' काढायचा.

त्या काळी गावाहून कुणी पाहुणा आला की बाकीचे त्याला राणीची बाग दाखवायचे, हत्तीला केळं द्यायचे आणि परत आणायचे. जगू म्हणायचा, "हत्ती काय, गावीही येतो वर्षाकाठी एखादा. मुंबईत बघायची ती नाटकाची पेठ!" मग तो पाहुण्यांना घेऊन लालबागहून निघायचा, चिंचपोकळीवरून पायी थेट पिला हाऊसपर्यंत, म्हणजे जुन्या 'प्लेहाऊसां'च्या वस्तीपर्यंत, आणि तिथून गिरगावात. ट्राम असताना पायी का? तर देवदर्शनाला पायीच जातात. हातात मिटलेली छत्री भाल्यासारखी धरून हा पुढे, तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे. असा उलटा चालत तो हातगाड्यांवर, भय्यांच्या घमेल्यांवर आणि एकदा चालू वरातीतल्या घोड्यावर आदळलाय. घोड्याने माफी मागितली, असं मी आजवर सांगत आलोय, आणि जगूनेही ते कधी नाकारलं नाही.

दाखवायला होतं काय? जुनी नाटकगृहं बहुतेक सिनेमाची झाली होती. एकात तांदळाची पोती होती. जगू पोत्यांसमोर उभा राहून हुकूम सोडायचा, "मिटा डोळे! आता पडदा वर जातोय... अत्तराचा वास आला का? समया दिसल्या का?" आणि काय सांगू, दिसायच्या! मग तो अशा अशा गोष्टी सांगायचा की इथे एका गवयाने तान घेतली, ती घेऊन तो जेवून आला तरी संपली नव्हती. एकदा कणकवलीच्या एका पाहुण्याने इतक्या भक्तीने डोळे मिटले की उघडले तेव्हा पायातल्या वहाणा गेलेल्या. जगू शांतपणे म्हणाला, "ही रंगभूमी आहे. अनवाणीच उभं राहायचं असतं."

फेरीत माणसं चारच. तीन पाहुणे आणि चौथा जगू. कारण ते दिवस चळवळीचे होते. भिंतीभिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवलेलं, नाक्यानाक्यावर पोलीस, आणि सरकारने जमावबंदी घातलेली. पाच माणसं एकत्र दिसली की जमाव. "चार म्हणजे नाटकाची फेरी," जगू बजावायचा, "पाचवा आला की मोर्चा." त्या तीन पाहुण्यांतला एक कायम मी. माझं काम योग्य जागी "अरे बापरे!" म्हणायचं.

अशातच शिमग्याला जगू गावी गेला आणि शेवंताला मनात घेऊन परत आला. शेवंता शेजारच्या वाडीतली. तिचं म्हणणं सरळ होतं, "माजी ना नाय. तात्यांका इचार." इथेच घोडं अडलं. तात्या, म्हणजे तिचे वडील, दशावतारातले राजे. बाराही महिने राजे. शेतात नांगर धरला तरी छाती अशी पुढे, की बैलांनी मुजरा करावा. तात्यांनी निरोप धाडला, "मुंबैक येतंय. तुजा थय काय असा ता बघतंय, मगे बोलूया."

जगूचं मुंबईत काय होतं? अर्धी वळकटी, आणि तीही माझ्यासोबत. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होता, पण साचे मालकाचे. खोली पाहून तात्या नाही म्हणणार हे भिंतीतल्या ढेकणांनाही कळत होतं. त्यामुळे जगूने तात्यांना खोलीत टेकूच दिलं नाही. बोटीवरून उतरवलं, चहा पाजला आणि थेट फेरीला काढलं. तात्या, त्यांचे चुलतभाऊ भिवा, मी आणि जगू. भिवाकाका बोलायचे ते फक्त "होय तर". मुंबई बुडाली म्हटलं तरी होय तर.

सगळी फेरी तात्यांच्या पसंतीला काडीभर उतरली नाही. पोत्यांसमोर जगू म्हणाला, "तात्या, डोळे मिटा."

"कित्याक? माका झोप नाय येत."

"नाही, म्हणजे डोळ्यांपुढे पडदा आणा..."

"आमच्या नाटकाक पडदो नसता. पडद्याआड लपता तो चोर."

गिरगावात एका मोठ्या थिएटरच्या पायऱ्यांपाशी आलो, तर वर सिनेमाच्या नटीचं दोन माणसांएवढं चित्र. तात्यांनी ते खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्या तुजा नाटक?" जगूचा चेहरा असा झाला, की मी योग्य जागा नसतानाही "अरे बापरे!" म्हणालो. त्याने चाचरत सांगायला घेतलं की आत कशी यांत्रिक विंग होती, प्रॉम्प्टर कुठे बसायचा...

"प्रॉम्टर?" तात्या थांबले. "म्हणजे तुमका दुसरो सांगता आणि तुमी बोलतास?"

आता सांगायला हवं, की दशावतारात लिहिलेलं काही नसतं. कथा ठाऊक असते, शब्द तिथल्या तिथे सुचायचे. राजाने प्रश्न टाकला की राणीने उत्तर द्यायचं, अडली तर तिची आब्रू गेली. आणि आमचा जगू! त्याला प्रॉम्प्टरशिवाय स्वतःचं आडनाव आठवत नसे.

"नाटक म्हणजे काय ता दाखवतंय," म्हणून तात्या पायऱ्या चढले, उपरणं फेकलं खांद्यावर, आणि गिरगावाने त्यापूर्वी ऐकला नसेल असा आवाज लावला. गावी मालवणी बोलणारे तात्या राजा झाले की ग्रंथासारखं बोलत. "कोण आहे रे तिकडे! आमच्या राजधानीवर कुणाची वक्रदृष्टी पडली आहे? देह ठेवू, परंतु राजधानी देणार नाही!"

मला सांगा, त्या दिवसांत, गिरगावात, असं वाक्य! समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी ओरडलं, "झालाच पाहिजे!" तात्यांना वाटलं, मुंबईचे रसिक बरे आहेत. त्यांनी आवाज चढवला, "राजधानीसह आमचं राज्य आम्हांस मिळालंच पाहिजे!" मग काय विचारता... पाच सोडा, पाच हजार जमले. (बरं, दोनशे. पण गिरगावातले दोनशे.) आणि गर्दी कापत हवालदार आला, मागे दोन शिपाई.

"भाषण कोण करतोय?"

तात्या राजेच होते. "दूता, आधी मुजरा कर!"

हवालदाराने त्यांचं मनगट धरलं. भावी सासरे पहिल्याच दिवशी कोठडीत, मग शेवंताचं नाव तरी घेता आलं असतं का? जगू मध्ये घुसला. "साहेब, भाषण नाही हो. नाटक आहे!"

"मला शिकवतोस? एकटा बोलतो ते भाषण. दोघं बोलले तर नाटक. दुसरं पात्र कुठाय?"

त्या हवालदाराने नाट्यशास्त्राचा एवढा मोठा सिद्धांत उभ्या उभ्या मांडला आणि आमच्या कुठल्याही विद्वानाने त्याची दखल घेतली नाही. जगूने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी काही प्रॉम्प्टर नव्हतो. मग त्याने भिवाकाकांच्या खांद्यावरचा पंचा ओढला, डोक्यावरून पदरासारखा घेतला, आणि एक पायरी चढून खाली मान घालून म्हणाला, "महाराज..."

बाईचाच आवाज. गॅलरीतल्या बायका कठड्यावर वाकल्या.

"महाराज, राज्याचं काय ते पुढे बघू. घरात मुलगी उपवर झालीय, तिचं काय ठरवलंत?"

तात्या दचकले. पण राणीने विचारलंय, समोर लोक आहेत. राजाला गप्प बसता येत नाही. "राणी, आमच्या योग्यतेचा वर कुठे आहे?"

"आहे, महाराज. विणकर आहे. त्याच्या नावावर घर नाही, जमीन नाही. झोपायला जागासुद्धा पाळीने मिळते. पण या नगरात माणसं अंग झाकून चालतात ती त्याच्या हातामुळे."

"राजकन्या विणकराला? लोक काय म्हणतील?"

"तिला विचारलंय, महाराज. ती नाही म्हणालेली नाही. आता तुम्ही एकटेच राहिलात."

वरून एक म्हातारी ओरडली, "द्या हो महाराज, कशाला जीव घेता!" सगळी गर्दी "द्या, द्या" करायला लागली. हवालदाराने मनगट केव्हाच सोडलं होतं. तोही हळूच म्हणाला, "द्या की."

तात्यांनी उपरणं सावरलं. मग हात वर केला. "राणी, तुझा शब्द आम्हांस मान्य आहे."

"होय तर," भिवाकाका म्हणाले.

टाळ्या अशा पडल्या की सिनेमावाल्यांनी खेळ थांबवून बाहेर डोकावलं. हवालदाराने काठी आपटली. "चला, पांगा! पुढचा अंक घरी."

आम्ही चौघे एका हॉटेलात जाऊन बसलो. जगूच्या डोक्यावर पंचा तसाच. तात्या बशीत चहा ओतून फुंकत होते. शेवटी जगूने विचारलं, "तात्या, मग... ते..."

"राजान हो म्हटल्यान. माजा काय त्यात?"

जगूच्या हातातला पाव खाली पडला. तात्यांनी बशी ठेवली. "पयला ह्या ठरव. तू माजी रानी, की माजो जावई? दोनय होवचा नाय." आणि मग खिडकीबाहेर बघत, "सांगणारो कोण नसताना शब्द गावले तुका. आणि लबाड बोललंस नाय. काय नाय ता काय नाय म्हणून सांगितलंस. माजा चेडू उपाशी रवाचा नाय."

पंचा भिवाकाकांनी स्वतः काढून घेतला.

पुढे जगूने फेऱ्या काढणं सोडलं नाही. संसार झाला, मुलं झाली, गिरण्या बंद पडल्या, तरी रविवारी छत्री निघायचीच. फक्त गुडघे संपाला बसायला लागले तशी फेरी आखडत गेली. आधी गिरगाव सुटलं, मग पिला हाऊस. काही वर्षं चिंचपोकळीच्या पुलापर्यंत जाऊन तो छत्रीने दिशा दाखवायचा. मग लालबागचा नाका. शेवटी शेवटी चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि येईल त्याला डोळे मिटायला लावायचा. कुरिअरवालाही सुटला नाही. आमची शेवटची भेट त्या गॅलरीतच. समोर गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर बघत म्हणाला, "अरे, एवढी उंच विंग बांधली, नाटक कुठलं लावणार?"

गेले काही आठवडे मी रोज संध्याकाळी त्याच्या घरी जातो. शेवंतावहिनी चहा ठेवतात, दोन कप. त्याची खुर्ची गॅलरीतून आत आणलीय. तिच्यावर कुणी बसत नाही, पण इस्त्रीचे कपडेही कुणी ठेवत नाही. तेरावा झाल्यावर, पहिल्यांदाच आम्ही दोघंच होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी राणी काय बोलली ते सांगा ना. ह्यांनी कधी धड सांगितलं नाही. म्हणायचे, लिहिलेलं नव्हतं, विसरलो."

वर लिहिलंय तेवढंच जगू बोलला होता. दहा-बारा वाक्यं. त्या दिवसाचा साक्षीदार आता मी एकटाच. खरं किती ते मला ठाऊक. मी खरंच सांगायला बसलो. राणी म्हणाली, मुलगी उपवर झालीय... विणकर आहे... आणि तात्यांनी हात वर केला, इथवर पोचलो, तर वहिनींचा चेहरा पडला.

"एवढ्यात झालं?" त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, छे छे, वहिनी, मध्ये बरंच राहिलं. राजा एवढ्याने ऐकतो होय! मग राणीने पदर सावरला आणि वराचे हात कसे आहेत ते सांगायला घेतलं, एकेक बोट. त्या संध्याकाळी पाचच बोटं झाली. दुसऱ्या दिवशी तो हसतो कसा. परवा तो झोपेत काय बोलतो, कारण रविवारी रात्री त्याच एका वळकटीवर दोघं झोपत असल्यामुळे ते मला माहीत होतं, तर राणीला का नसावं? गिरगावातली ती गर्दी अजून ताटकळत उभी आहे, गॅलरीतली म्हातारी ओरडून ओरडून थकली, हवालदाराने बिडी पेटवलीय. राणी बोलतेच आहे. वहिनी तांदूळ निवडत ऐकतात, मधूनच म्हणतात, "हो, हे बाकी खरं." निघताना विचारतात, "मग काय म्हणाले तात्या?"

"उद्या सांगतो," मी म्हणतो.

राजाला मी अजून हो म्हणू दिलेलं नाही.