लसीची पहिली पंगत

माधव नगरातल्या आमच्या मराठी मंडळात दुर्गाबाई स्वयंपाक करायच्या. नवरा गेल्यावर बऱ्हाणपूरहून उज्जैनला आल्या, त्या मंडळाच्या शेगडीपाशीच राहिल्या. त्यांच्या पुरणपोळीसाठी लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे, पण मंडळात कुणी त्यांना कधी ‘बसा’ म्हटलेलं मला आठवत नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये घरोघरी माणसं तापाने पडली. मंडळाने आजारी सभासदांना डबे द्यायचं ठरवलं. ठरवलं मंडळाने, राबल्या दुर्गाबाई. रांधायच्या त्याच आणि दारोदार पोचवायच्याही त्याच. आमचे अध्यक्ष भय्यासाहेब याला ‘मंडळाची सेवा’ म्हणत आणि फोटोत स्वतः उभे राहत.

त्याच दिवसांत मंडळाच्या हॉलमध्ये लसीचं शिबिर लागलं. पंचेचाळीसच्या वरच्या कुणालाही लस मिळणार होती. सगळ्यांनी घेतली तरच साथ अडेल, असं सरकार रोज कानीकपाळी ओरडत होतं. पण त्या हॉलमध्ये भय्यासाहेबांनी जन्मभर एकच व्यवस्था पाहिली होती, पंगतीची. आधी सभासद, मग त्यांचे पाहुणे, मग वाढपी आणि कामवाल्या. लसही त्यांनी श्रीखंडासारखी वाढायला काढली.

दुर्गाबाई सकाळी नर्सबाईंना पोहे देऊन, आधार कार्ड हातात धरून पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “भय्यासाहेब, माझा नंबर कधी लागेल? मी तर बुखारवाल्या घरांत जाते. आता डर लागतो मला.”

“अगं, आधी मंडळी निपटू दे. मग तुम्हा लोकांचं बघतो.”

माझं वय लसीत बसत नव्हतं, मी रांगेला पाणी देत होते. मी म्हटलं, “काका, यांना आधी द्या. डबे घेऊन या सगळ्यांच्या दारात जातात.”

“मुक्ता, तू मध्ये पडू नकोस. मानपान काही असतो की नाही?”

तेवढ्यात इंदूरहून गाडी आली. भय्यासाहेबांचे साडू, मेहुणी, विहीणबाई. लॉकडाऊनच्या एवढ्या बंदोबस्तात गाडी सुटली कशी, हे विचारायचं नाही. त्यांना वाट द्यायला दुर्गाबाई पायरीवरून बाजूला सरकल्या. दुपारी लस संपली. भय्यासाहेब म्हणाले, “पुढच्या खेपेला पक्कं. आता हॉल झाडून घे.” दुर्गाबाईंनी हॉल झाडला आणि संध्याकाळचे डबे भरायला घेतले.

पुढची खेप आलीच नाही आणि महिन्याभराने दुर्गाबाई तापाने पडल्या. दवाखान्यात बेडसाठी कुणाला तरी सांगा, म्हणून मी भय्यासाहेबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग डब्यांचं काय?” बेड मिळेपर्यंत दुर्गाबाई गेल्या होत्या.

गणपतीत भय्यासाहेब माइक घेऊन उभे राहिले. “अभिमानाने सांगतो, आपल्या मंडळाचं लसीकरण शंभर टक्के झालं. लस मिळाली नाही म्हणून आपला एकही माणूस गेला नाही.”

टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि विचारलं, “आणि दुर्गाबाई?”

ते खरोखरच गोंधळले. चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नव्हता, हिशेब चुकल्याची शंका तेवढी होती. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“ती कुठे सभासद होती?”

पुढच्या रांगेतल्यांनी माना डोलावल्या. त्यांत माझी आईही होती. मला सगळ्यांची किळस आली.